यशोदाक्कांचं वजन

अण्णा वजनकाट्यावर उभे होते आणि त्यांचा चष्मा, किल्ल्या, फोन, इतकंच काय चपलासुद्धा त्यांच्या बायकोच्या, यशोदाक्कांच्या हातात होत्या. काट्यावर खोटं वजन यायला नको म्हणून.

"मागच्या खेपेपेक्षा एक किलो जास्त," मी म्हणाले.

"रक्त पण थांबलंय," अक्का म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. तुमच्या यादीचा गुण, मॅडम."

अण्णांना कोलायटिस होता. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. माणूस दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला पळतो, रक्त पडतं, आणि तो वाळत जातो. पहिल्यांदा आले तेव्हा अण्णा जिन्याच्या चार पायऱ्यांवर दोनदा थांबले होते. चामराजपेटेत त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, मराठीत कन्नड मिसळून बोलणारं. मी पुण्याची. नवऱ्याच्या सरकारी कंपनीतल्या नोकरीमुळे बंगळूरला आले आणि एचएसआर लेआउटमधल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये डाएटिशियन म्हणून लागले. मराठी बोलणारी बाई आहे एवढ्यासाठी दोघं दोन बस बदलून माझ्याकडे यायचे.

अक्का म्हणत होत्या ती यादी एका टेस्टमधून आली होती. फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं आणि कोणत्या पदार्थाविरुद्ध शरीराने अँटिबॉडी बनवल्यात ते मोजायचं. रिपोर्टवर लाल, पिवळे, हिरवे ठिपके येतात. लाल ते बंद. अण्णांच्या रिपोर्टवर लाल होते तांदूळ, गहू, नाचणी, तूर, दूध, चिंच, शेंगदाणे, खोबरं. थोडक्यात, चामराजपेटेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरातले झाडून सगळे डबे.

आता खरं सांगते, जे मला तेव्हाही माहीत होतं. या अँटिबॉडी रोजच्या खाण्याच्याच निघतात. शरीराने त्या पदार्थाची ओळख ठेवलेली असते. ओळख म्हणजे वैर नव्हे. आमच्या दूधवाल्याचा चेहरा मला पाठ आहे, म्हणून तो चोर ठरत नाही. मी हे आमच्या बॉसला सांगितलं होतं. तो तिशीतला, हुशार, सतत उभ्याने बोलणारा.

"मॅडम, लोगों को लिस्ट चाहिए," तो म्हणाला. "आप लिस्ट दो. वैसे भी एलिमिनेशन डाएट तो आप करवातीही हो ना?"

तेवढं बरोबर होतं. एलिमिनेशन डाएट म्हणजे संशयित पदार्थ काही आठवडे बंद करायचे आणि मग एकेक परत घालून बघायचा. त्रास झाला तर तो खरा गुन्हेगार. या पद्धतीचा जीव त्या दुसऱ्या अर्ध्या भागात असतो. म्हटलं, यादी चुकीची असली तरी दीड महिन्यात सगळं परत घालूच. कुणाचं काय बिघडतंय?

अण्णांनी मला एकच शंका विचारली. "खळ शिजवायला मैदा लागतो. हाताला लागलेला चालेल का हो?"

"चालेल. फक्त बोटं चाटू नका," मी म्हणाले. अक्का पदर तोंडाला लावून हसल्या.

पोटाच्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे मात्र मी प्रत्येक वेळी बजावलं आणि अण्णांनी ते पाळलं. डाएट सुरू झालं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्या गोळ्यांचा डोस वाढवला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. रक्त थांबलं, श्रेय यादीला मिळालं.

जेवणाची वही अक्का लिहायच्या. अण्णांनीच शिवून दिलेली, लाल कापडी पाठीची वही. 'सकाळी वरीची पेज. दुपारी दुधीची भाजी, मुगाचं कढण. रात्री राजगिऱ्याची एक भाकरी.' सुरेख अक्षर. मी डोळ्यांत तेल घालून ती वही वाचायची. तिच्यात एकाच माणसाचं जेवण आहे, हे मला कधी खटकलं नाही. खटकायचं कारणही नव्हतं, पेशंट एकच होता.

दीड महिना झाल्यावर मी म्हटलं, "अण्णा, आता भात परत सुरू करून बघू. आधी अर्धी वाटी."

अण्णांचा चेहरा उतरला. "नको हो. जिवावरचं गेलंय. भातावाचून काय मरतो का मी?"

मी बॉसकडे गेले. तो म्हणाला, "पेशंट खुश है, फिर क्यों छेड़ना? छह महीने बाद रीटेस्ट करेंगे." आणि जाहिरातीसाठी अण्णांचा एक व्हिडिओ करून घ्यायला सांगितला. मी वाद घातला, पण खूप नाही. पेशंटला नको, बॉसला नको, मग मीच कशाला एकटी ओरडू? असं डाएट पाच महिने चाललं.

चौथ्या महिन्यात एकदा निघताना अक्का दारात थांबल्या. "मॅडम, माझं स्वल्प विचारायचं होतं."

बाहेर पुढचा क्लायंट घड्याळ बघत होता. "पुढच्या वेळी नक्की, अक्का," मी म्हणाले.

"सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणत त्या गेल्या.

पुढच्या वेळी त्या वही काढत होत्या तेव्हा त्यांच्या हिरव्या बांगड्या सरकून पार कोपरापाशी गेल्या. ते मला दिसलं. मी ते बघितलं आणि काय म्हणाले? "अरे वा, अक्का! अण्णांपेक्षा तुम्हीच झकास बारीक झालात!"

त्या लाजल्या. "हे म्हणतात, लग्नातल्यासारखी दिसतेस." विचारायचं होतं ते राहून गेलं. मीही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी अण्णांचा फोन आला. अक्का सकाळी घेरी येऊन मोरीत पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी हॉस्पिटलमध्ये गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणलं तेव्हा यांची शुगर फार खाली गेली होती. डायबेटिसच्या गोळ्या पूर्ण घेतात आणि खातात किती, कोण जाणे. अंगावर काही उरलेलंच नाही.

अक्कांना डायबेटिस आहे, हे मला तेव्हा कळलं. पाच महिने दर पंधरवड्याला ती बाई माझ्यासमोर बसली होती.

मी कॉटपाशी बसले. "अक्का, तुम्ही काय खात होता?"

"यांचंच," त्या म्हणाल्या. जणू मी काहीतरी वेडगळ विचारलं होतं. "यांचं झाल्यावर उरेल ते."

"भात का सोडलात? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? हे भाताकडे बघत बसणार आणि मी समोर कालवून खाऊ? घशाखाली कसा उतरेल हो?" मग त्यांनीच माझा हात थोपटला. "तेच विचारायचं होतं त्या दिवशी. कधी कधी हात कापतात, घाम येतो, गोळी अर्धी करू का. मग तुम्ही म्हणालात छान बारीक झाले, तर वाटलं, बरंच चाललंय."

 

ऑपरेशन झालं. पण अंगात ताकदच नव्हती. छातीत कफ झाला, ताप चढला, आणि नवव्या दिवशी यशोदाक्का गेल्या. मरणाच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलंय. यादीचा उल्लेख कुठेही नाही, माझाही नाही.

दोन महिन्यांनी अण्णा क्लिनिकमध्ये आले. एकटेच. काट्यावर चढायचं नव्हतं त्यांना, तरी सवयीने चष्मा काढला, आणि तो कुणाच्या हातात द्यावा हे न कळून तसेच उभे राहिले. मी पुढे होऊन तो घेतला.

"तेराव्याला जेवलो," ते म्हणाले. "भात, तुरीचं सार, होळगी, दुधाचं पायस. होळगी म्हणजे तुमची पुरणपोळी. तिच्या नावाचं पान, नाही कसं म्हणणार? मनात म्हटलं, रक्त पडलं तर पडू दे. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं."

"मग?"

"काही झालं नाही. त्या दिवसापासून रोज खातो. तांदूळ, गहू, सगळं. गोळ्या चालू आहेत. काही होत नाही, मॅडम." त्यांनी पिशवीत हात घातला. "म्हणजे तिला पण खाता आलं असतं ना?"

मी "हो" म्हणाले. निदान तेवढं तरी खरं बोलायचं होतं.

त्यांनी लाल पाठीची वही टेबलावर ठेवली. "निम्मी कोरी आहे. तुम्हाला उपयोगी पडेल," म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी ती नोकरी सोडली. आता येलहंकाच्या एका साध्या हॉस्पिटलमध्ये असते. तिथे ठिपक्यांचे रिपोर्ट घेऊन लोक येतात, मी ते बाजूला ठेवते आणि जेवण-औषधांची माहिती विचारते. काही बंद केलंच तर परत कधी सुरू करायचं ती तारीख त्याच चिठ्ठीवर घालते. आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय. पेशंट काट्यावरून उतरला की त्याचा चष्मा आणि चपला हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला मी वर चढवते. बायका संकोचतात, "मला काय झालंय?" म्हणतात. मी ऐकत नाही. त्यांचं वजन लाल पाठीच्या वहीत, कोऱ्या राहिलेल्या पानांवर लिहिते. मग पहिला प्रश्न विचारते, घरात याच पातेल्यातलं आणखी कोण जेवतं?