मास्तरांचे पुढचे दोन दात

क्लॅरिनेट असो की ट्रंपेट, वाजवता वाजवता आत पाणी साठतं. गाणं संपलं की ते झटकून टाकावं लागतं, नाहीतर पुढच्या गाण्यात गुळगुळ आवाज येतो. किस्स्यांचंही तेच आहे. आम्ही जुने बँडवाले पुसदच्या बसस्टँडवर चहाला जमलो की आधी थोडं झटकून घेतो, मग घरी जातो!

मी क्लॅरिनेट वाजवायचो. आता मुलाच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसतो आणि लोकांना रिंगटोन ऐकवतो. रहीमचाचा ढोलावर होते. आणि सगळ्यांच्या पुढे, लाल कोटात, ट्रंपेट घेऊन दौलतमास्तर. बोर्डावर बँडचं नाव काहीतरी मोठं, सोनेरी अक्षरांत होतं, पण ते कधी कोणी घेतलं नाही. लोक म्हणायचे, "मास्तरचा बँड सांगा, नाहीतर लग्न पुढं ढकला!"

* * *

ट्रंपेट ओठांनी वाजतं असं लोकांना वाटतं. ओठांच्या मागे समोरचे दोन दात असतात, सगळा भार त्यांच्यावर. ते गेले की माणूस गेला. म्हणून मास्तर त्या दोन दातांना तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. ऊस नाही, चणे नाहीत, पेरू सुरीने कापून. एका लग्नात पंगतीला बुंदीचा लाडू असा आला की भिंतीवर मारला तर भिंतच फुटावी. मास्तरांनी तो मुकाट्याने कोटाच्या खिशात टाकला.

वधूपिता दुखावला. "काहून मास्तर, लाडू गोड नाही लागला?"

"गोड आहे पाटील. पन तुमच्या पोरीची वरात अजून व्हाची आहे. लाडू खाऊ का वरात वाजवू?"

घरी मास्तरांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, तो लाडू खलबत्त्यात कुटला, तेव्हा तो मास्तरांच्या पोटात गेला.

* * *

बोरी अरबला एकदा एकाच मुहूर्तावर दोन लग्नं होती. दोन नवरदेव, दोन घोडे, दोन बँड, आणि चौक एकच! दोन्ही वराती चौकात आमनेसामने आल्या. आता बँडवाल्याचा स्वभाव असा की समोर दुसरा बँड दिसला की नवरदेव गेला खड्ड्यात, आधी त्या बँडला पाणी पाजायचं. मास्तरांनी डोळे मिटले आणि वरची पट्टी धरली. समोरच्यांनीही धरली. लोक बेभान नाचले. गर्दी पांगली तशी आम्ही वाजवतच पुढे निघालो आणि मांडवात पोचलो.

मास्तरांनी डोळे उघडले. घोड्यावर भलताच नवरदेव!

आमचा नवरदेव दुसऱ्या बँडच्या मागे बरोबर आपल्या मांडवात पोचला होता. आम्ही धावत तिकडे गेलो. मास्तर हात जोडून उभे राहिले. वधूपिता शांतपणे म्हणाला, "बँड कोनाचा का येईना मास्तर, नवरदेव त बराबर आला न! बसा, पानी प्या."

* * *

चौदा एप्रिलला आमचा बँड सुपारी घ्यायचा नाही. आमच्यातले बहुतेक सगळे बौद्ध वस्तीतले. त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचं, तेही जीव ओतून. आमच्या मिरवणुकीत ढोल म्हटलं की रहीमचाचाच! त्यांना कोणी बोलावत नसे, ते आपले सकाळीच ढोल घेऊन हजर असत.

एका वर्षी नेमका त्याच दिवशी दाट मुहूर्त आला. एक मोठे शेठ गाडी घेऊन मास्तरांच्या दारात. "मास्तर, तुम्ही आकडा बोला. तुम्ही म्हणाल तेवढे."

मास्तर कोटाची बटणं ब्रासोने घासत होते. मान वर न करता म्हणाले, "शेठ, आकड्याचं नाही. त्या दिवशी आमच्या घरचंच लगन असते."

आणि शेठनी आपल्या मुलाच्या लग्नाची तारीख बदलली! खोटं वाटत असेल तर रहीमचाचांना विचारा.

* * *

हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

झरी जामणीकडे एका गावात लग्न होतं. पुढे जंगल सुरू होतं, गाव लहान. बँडवाल्यांचा एक रिवाज आहे. रस्त्यात सुतकाचं घर लागलं की वाजवणं बंद, मान खाली घालून पुढे जायचं, घर मागे पडलं की पुन्हा सुरू. त्या गावात कोणीतरी हळूच सांगितलं, "पुढच्या घरातलं तरणं पोरगं गेलं आहे." मास्तरांनी हात वर केला. आम्ही वाजवणं थांबवलं. नुसते पायांचे आवाज.

तेवढ्यात त्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. "काहून बंद केलं जी?"

मास्तर म्हणाले, "माय, तुमच्या घरी..."

"म्हनूनच म्हनतो. माह्या पोराले बँड लय आवडे. गावात बँड आला का हातातलं काम टाकून बँडामांगं पये. आज त्याच्या दारावरून तुमी मुक्यानं चालले. वाजवा न जी."

मास्तरांनी आम्हाला थांबवलं आणि एकट्याने वाजवलं. लग्नाचं नाही, दुःखाचंही नाही, तेव्हा सगळीकडे चालायचं ते साधं गाणं, पण हळू. म्हातारी दाराला टेकून ऐकत राहिली. वरातीतला एकही माणूस पुढे गेला नाही. नवरदेव घोड्यावरून उतरून उभा राहिला. मी क्लॅरिनेट छातीशी धरून रडलो, यात लाजण्यासारखं काही नाही.

* * *

मग डीजे आला. ट्रकभर भोंगे. आधी लोक दोन्ही बोलवायचे, मग नुसता डीजे. आमच्यातला कोणी रिक्षावर गेला, कोणी पुण्याला वॉचमन झाला. मला डीजेचा राग आजही येतो. काच थरथरते, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून बसतात, आणि पोरं म्हणतात मजा आली!

मास्तर मात्र रागावले नाहीत. एकदा रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी अख्खी डीजेची वरात पाहिली आणि मला म्हणाले, "याले दम लागत नाही बे. ज्याले दम लागत नाही, त्याच्याबरोबर मानसं नाचतात तरी कसे?"

त्याच सुमारास पहिला दात हलायला लागला. दिग्रस रोडवरच्या एका वरातीत तो वाजवतानाच पडला. मास्तरांनी वरात पूर्ण केली. आम्हाला काही कळलं नाही. कोट धुताना काकूंना खिशात दात सापडला. दुसरा पुढच्या उन्हाळ्यात गेला.

आम्ही त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. कवळी बसवली. मास्तरांनी तिथेच पिशवीतून ट्रंपेट काढून ओठाला लावलं. कवळी सरकली, ट्रंपेटमधून नुसती हवा आली. डॉक्टर पोरगा भला होता. समजूत काढत म्हणाला, "आजोबा, जेवायला एकदम छान चालेल."

मास्तर म्हणाले, "डॉक्टर साहेब, जेवाचं कोनी विचारलं?"

त्यानंतर त्यांनी ट्रंपेट पेटीत ठेवलं. आमच्याकडे चहालाही येईनात.

* * *

यंदा माझ्या धाकटीचं, शुभांगीचं लग्न झालं.

बँडवाल्याच्या घरच्या लग्नाला आमच्यात सलामी असते. नवरदेव मांडवाच्या दारात आला की मास्तर एकटे ट्रंपेटवर सुरुवात करतात, त्यांचा तुकडा संपला की ढोल पडतो, मग सगळा बँड. त्याशिवाय नवरदेव आत पाऊल टाकत नाही. माझ्या थोरलीला मास्तरांनी सलामी दिली होती. रहीमचाचांच्या दोन्ही मुलींना दिली होती. शुभांगी लहानपणापासून ते बघत आली. तिने विचारलं, "बाबा, मला सलामी होईल न?"

मी मास्तरांकडे गेलो. म्हटलं, "मास्तर, वाजवायचं राहू द्या. तुम्ही नुसते उभे राहा." ते उठून आत गेले. दारापर्यंत सोडायला आलेल्या काकू म्हणाल्या, "त्याईले आता काही म्हनू नोको. पत्रिका आली तवापासून रोज ट्रंपेट पुसून राह्यले."

लग्नाच्या दिवशी नवरदेवाकडचा डीजे होताच. मांडवाजवळ आम्ही उरलेसुरले आपापली वाद्यं घेऊन जमलो. मास्तर लाल कोट घालून आले. कोट खांद्यावर लोंबत होता. त्यांनी डीजेच्या पोराकडे बघून हात वर केला. त्याने का कोण जाणे, बटण बंद केलं.

मास्तरांनी ट्रंपेट उचललं. गाल फुगले. बोटं बटणांवर पडू लागली.

आवाज नाही. नुसती हवा.

मागे कुजबुज झाली. एकाने मोबाइल वर धरला. मला वाटलं पुढे होऊन त्यांचा हात धरावा. मांडवाच्या दारात शुभांगी उभी होती. तिची नजर मास्तरांवरून हलत नव्हती. मास्तरांचे डोळे मिटलेले. बोटं मात्र चालली होती, एकही जागा न सोडता. मी ती बोटं बघत होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं. रहीमचाचा ढोलाची काठी, टिपरू, वर धरून त्या बोटांकडेच बघत होते.

तुकडा संपला. ज्या जागी ढोल पडायचा, बरोबर त्या जागी ढोल पडला! आणि आम्ही सगळे सुरू झालो.

नवरदेव आत गेला. मास्तरांनी डोळे उघडले, रुमालाने ओठ पुसले आणि रहीमचाचांच्या कानाशी वाकले.

"सूर जरा चढा लागला का रे, रहीम?"

"नाही मास्तर," चाचा म्हणाले. "एकदम बराबर होता."