पाणसळ आणि सायकलची तार

“पाणी खोटं बोलत नाय, शेट!” असं म्हणत काका पाणसळ सदऱ्याला पुसायचे आणि मगच लाकडावर ठेवायचे. तिच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला, म्हणजे लाकूड सपाट ठरलं, की तो त्यांनीच आणल्यासारखे खूश.

मी शेठ वगैरे कोणी नव्हतो. ऐंशी सालच्या सुमारास बोईसरला भाड्याच्या गाळ्यात फर्निचरचं काम सुरू केलं होतं, इतकंच. काका सातपाटीचे. जन्म होड्या बांधण्यात गेला, पण वाळूत उकिडवं बसवेना, म्हणून माझ्याकडे उभ्याने करायच्या कामावर आले.

एका कारखान्यातून आम्ही जुनं ड्रिलिंग मशीन आणलं. आमचा आनंद काय सांगू! काकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला. लाकूड ठेवायच्या त्याच्या लोखंडी टेबलावर पाणसळ ठेवली, खालचा बोल्ट ढिला करून टेबल सारखं केलं आणि बोल्ट आवळला.

“झाला! आता डोले झाकून भोकं पाड.”

एका कँटीनची चाळीस स्टुलं शनिवारी द्यायची होती. पहिलंच मोठं काम. ते फसलं तर गाळा बंद करून घरी बसायची पाळी. पायांची भोकं मशीनवर पाडून पहिलं स्टूल तयार झालं आणि चार पाय चार दिशांना! नुकतं उभं राहिलेलं वासरूच. मला हसू आलं. काकांचा चेहरा पाहून ते गिळलं.

ते मशीनकडे बघत राहिले. मग खाली जमिनीकडे. पाणी वाहून जावं म्हणून गाळ्याची जमीन मोरीकडे उतरती होती, आणि मशीन तिच्यावर कललेलं. टेबल सपाट झालं होतं, पण ड्रिल त्यावर तिरकंच उतरत होतं. एकदम ओरडलेच, “ओहोटीला चिखलात होडी कलते, तवा तिला पाणसळ लावतो काय आमी? तवा होडीचंच माप धरायचं! इसरलो बग!”

धावत जाऊन त्यांनी सायकलच्या चाकाची एक तार आणली, मुडपली आणि ड्रिल पकडणाऱ्या चकमध्ये ड्रिलच्या जागी अडकवली. तुम्ही तिथे असायला हवं होतं! हाताने चक फिरवला की डावीकडे तार टेबलाला खरवडायची, उजवीकडे नखभर वर राहायची. बोल्ट ढिला, हलकी ठोक, पुन्हा फेरी. अखेर चारी बाजूंनी सारखाच आवाज आला, खर्रर्र!

“आयकलं? आयकलं काय?” काकांनी मला मिठीच मारली. शनिवारी चाळिसाव्या स्टुलावर ते दुखऱ्या गुडघ्यांनिशी चढून उभे राहिले. “नाय हालत!”

ते पहिलं फेंगडं स्टूल मात्र त्यांनी घरी नेलं. मी बरीच चेष्टा केली.

बारा-तेरा वर्षांनी काका गेल्याचं कळलं, तेव्हा सातपाटीला गेलो. काकूंनी उंचसखल ओटीवरच्या त्याच स्टुलाकडे बोट दाखवलं. पाय तसेच चार दिशांना, पण प्रत्येक वेगळा तासलेला.

“बसा. या ओटीचं माप धरून केलाय. हितून हलवायचा नाय, म्हनायचे.”

मी बसलो. स्टूल जरासुद्धा हललं नाही. मला मात्र रडू आवरेना.