बेस्ट ऑफची बी साईड

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली वाद नको. मी मेकॅनिकल ड्राफ्ट्समन. सगळं आयुष्य मिलिमीटरमध्ये गेलं. अमावस्या, भानामती, अंगात येणं असलं काही निघालं की मी उठून चहा सांगायला जाणारा माणूस. इथले अनुभवसुद्धा मी गंमत म्हणून वाचतो आणि निम्म्यांना मनातल्या मनात "चल, थापा!" म्हणतो. आता तुम्ही मला म्हणा, हरकत नाही. पण जे झालं ते भर दुपारी झालं, दोघांनी ऐकलं... आणि मी पूर्ण शुद्धीत होतो.

गाव मलकापूर, कऱ्हाडला चिकटून. साल १९९१-९२. मी मनोहर, म्हणजे मन्या, आणि माझा मित्र शिरीष, म्हणजे शिऱ्या. दोघंही बारावीला, आणि दोघांना नाद हेवी मेटलचा! हसू नका. सगळ्या गल्लीत भजनं, लावण्या आणि हिंदी पिक्चरची गाणी, आणि त्यात आम्ही दोन येडी इंग्लंडच्या एका बँडपायी पागल. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तुम्ही माझी गोष्ट सोडून त्याच्यावरच भांडत बसाल.

कऱ्हाडात स्टँडच्या मागं एक रेकॉर्डिंगवाला होता. त्याच्या ओळखीतला कोणीतरी बोटीवर नोकरीला. त्यानं त्या बँडचे जवळजवळ सगळे अल्बम आणून याच्याकडे ठेवलेले. आपण कोरी कॅसेट न्यायची, कागदावर यादी लिहून द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. तेव्हा सगळेच असं करायचे. इंग्लिश कंपनीची सीलबंद कॅसेट आमच्याकडे कुठली यायला!

आता आमचं भांडण सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यातनंच झालं. माझं म्हणणं, ऐकायचा तर अख्खा अल्बम. बँडनं ज्या क्रमानं लावलाय त्या क्रमानं, पडेल गाण्यांसकट. बेस्ट ऑफ ऐकणं म्हणजे टेक्स्टबुक सोडून गाईड वाचणं.

"गाईड वाचूनच पास हुतोयस न्हवं?" शिऱ्या म्हणायचा.

त्याचं म्हणणं एकदम वेगळं होतं. "आरं, अल्बम म्हंजे एका वर्साची गोष्ट. बेस्ट ऑफमदी सगळं आयुष्य येतंय गड्या. पैल्या गान्यात गडी विशीतला हाय, पोरगं हाय निस्तं, वरडतंय. शेवटाला ये, आवाज जाड झालाय, दमतोय मदीच. तासाभरात मानूस म्हातारा हुताना ऐकाय येतंय! हाय का तुझ्या अल्बममदी?" शिवाय दोन गाण्यांच्या मधली शांतता ऐक म्हणायचा, प्रत्येक गाण्याची खोली वेगळी असते. पहिलं गाणं कुठल्यातरी बारक्या खोलीत भरलेलं, ढोल डब्यासारखा वाजतोय. शेवटचं भरलंय एवढ्या मोठ्या हॉलमध्ये की घुमतंय. आणि पडेल गाणं एक नाही. मी म्हणायचो, पडेल गाण्यांनीच चांगलं गाणं चांगलं वाटतं. मग तो म्हणायचा, "बस अल्बमवाले, तू आपला भात चिवडत." तेव्हापासून मला त्यानं नावच पाडलं... अल्बमवाले.

म्हणून त्यानं स्वतःचा बेस्ट ऑफ बनवला. सालाप्रमाणे बारा गाणी, साठची कॅसेट. रेकॉर्डिंगवाल्याला सांगून प्रत्येक गाण्यानंतर थोडी जागा कोरी सोडायला लावली. घरी आणून टू-इन-वनच्या माइकवर त्या जागेत स्वतः बोलला, रेडिओवर बोलतात तसं. हे कितव्या अल्बममधलं, इथं ड्रमवाला बदलला, इथं मन्या नाक मुरडणार... असं. आवाज बारीक, पिपाणीसारखा. वर्गातली पोरं चिडवायची त्यावरनं. सगळं झाल्यावर त्यानं कॅसेटच्या मागच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या चकत्या तोडल्या. ज्यांनी कॅसेटी वापरल्यात त्यांना माहीत आहे, चकती तोडली की त्यावर परत रेकॉर्ड होत नाही. आणि ऐकायला ती मला दिली. "आठवडाभर ऐक, मग बोल," म्हणाला.

चार दिवसांनी मी कऱ्हाडात गेलो तर रेकॉर्डिंगवाला म्हणाला, बोटीवाले पाहुणे उद्या सगळ्या कॅसेटी परत न्यायला येतायत. त्यात माझा एक अल्बम भरायचा राहिलेला. कोरी कॅसेट जवळ नाही. दप्तरात होती फक्त शिऱ्याची.

चुकून झालं असं मी कुणाला सांगू शकत नाही. चकत्या तोडलेल्या होत्या. मी त्या भोकांत कागदाचे बोळे भरले, वरनं चिकटपट्टी लावली आणि तिथंच बसून त्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर अल्बम भरून घेतला. मनात म्हटलं, शिऱ्याला नवी कोरी देऊ, तो परत बनवेल. वयच तसं होतं हो. आपलंच खरं करायची हौस.

तो सोमवार होता. गुरुवारी कळलं शिऱ्याला कावीळ झालीय. मग दवाखाना. मी रोज जायचो. रोज ठरवायचो की आज सांगायचं. त्याचे डोळे बघितले की म्हणायचो, बरा झाला की सांगू. तेराव्या दिवशी शिऱ्या गेला. अठरा वर्षांचा होता.

त्याची आई, आम्ही तिला काकी म्हणायचो. शिऱ्या तान्हा असतानाच नवरा गेलेला, हा एकुलता एक. महिनाभरानं मी गेलो तर म्हणाली, "मन्या, ती कॅसेट हाय न्हवं तुज्याकडं? त्यात बोललाय त्यो. एकदा ऐकव की रं."

मी म्हणालो, "सापडत नाही काकी. शोधतोय."

हे "शोधतोय" मी सहा वर्षं म्हणालो. पुढं सांगलीला माधवनगर रोडवर एका वर्कशॉपात नोकरी लागली. दोन-तीन आठवड्यांनी रविवारी घरी आलो की काकीकडे चक्कर व्हायची. चहा व्हायचा, इकडचं तिकडचं व्हायचं, आणि मी उठलो की ती विचारायचीच, "घावली का रं?" मान खाली घालून मी म्हणायचो, अजून नाही. सगळ्यात वाईट काय सांगू? मला स्वतःला त्याचा आवाज आठवेनासा झाला. चेहरा फोटोत आहे. अक्षर वह्यांत आहे. आवाज कुठंच नाही. बारीक होता एवढं माहीत, पण कानात येईना. रात्रंदिवस वाटायचं, एक वाक्य... एकच वाक्य ऐकायला मिळू दे. कुठनं मिळणार? मीच पुसलेलं.

१९९८. सांगलीत स्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानात त्या बँडची ग्रेटेस्ट हिट्स आलेली दिसली. कंपनीची, सीलबंद. पाठीमागची यादी वाचली. बारातली दहा गाणी शिऱ्याचीच होती, सालाच्या क्रमानं. यात अमानवीय काही नाही, हिट गाणी ती हिट गाणी. पण मी ठरवलं, आता बस. ही घेऊन जायची, काकीला द्यायची आणि सांगून टाकायचं. मोकळ्या हातानं सांगायचं धाडस नव्हतं म्हणून ही कॅसेट, दुसरं काही नाही.

रविवारी दुपारी दोनचा सुमार. काकी जोत्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली. मी तिच्यासमोर सील फोडलं, हे लक्षात ठेवा. शिऱ्याचा टू-इन-वन अजून कोनाड्यात होता, वर तिनंच विणलेला रुमाल. लावला. पहिल्याच गाण्याला काकी हसली.

"ह्येच गं बाई! डोकं उठवायचा निस्ता. मी म्हनायची, शिरीष, ह्यास्नी कुनी मारतंय का रं?" मग शेंगा सोलता सोलता म्हणाली, "ह्याच्या मागनं घोडं पळल्यागत वाजतंय बघ." आणि खरंच, दुसरं गाणं तसंच सुरू झालं. भिंतीआडून ऐकून ऐकून तिला सगळा क्रम पाठ होता! कुठल्या अल्बममधलं ते तिला काय माहीत, पण पुढं काय येणार ते माहीत. मला तेव्हाच रडू यायला लागलेलं. ए साईड संपली. पलटली.

बी साईडचं पहिलं गाणं संपलं. मधली शांतता. आणि...

"हं, अल्बमवाले, झोपलास का? आता हे लय नंतरचं हाय. दमतोय बघ मदीच. पर ऐक, गडी त्योच हाय."

मग दुसरं गाणं सुरू झालं.

बोलणं त्याचं, नाव त्यानंच पाडलेलं. पण आवाज बारीक नव्हता. भरलेला, जाड, पंचविशीतल्या माणसाचा. काकीच्या हातातली शेंग हातातच राहिली. तिनं विचारलं नाही, घाबरली नाही. म्हणाली, "शिरीष." आणि मग, "परत लाव."

मी मागं घेऊन लावलं. परत तेच. तीनदा लावलं, तिन्ही वेळा तेच, शब्दाला शब्द.

"आवाज फुटलाय त्याचा," काकी म्हणाली. तिचा चेहरा... काय सांगू तुम्हाला, पोरगं पहिल्यांदा चालल्यावर आईचा होतो तसा झालेला. "ह्यांच्यावानी झालाय. डिट्टो ह्यांच्यावानी. तुला न्हाई ठावं, तू ऐकलं न्हाईस त्यास्नी."

आता तुमच्या मनात जे येतंय ते सगळं माझ्याही मनात आलं. टू-इन-वनचा पट्टा सैल झाला की आवाज जाड येतो, खरंय. पण मग गाणीसुद्धा सुस्तावली असती, ती बरोबर होती. दुकानदारानं आधी भरलं असेल? सील मी फोडलं, कंपनीच्या कॅसेटला चकत्या नसतातच, आणि भोकं उघडी होती, बोळा नाही, चिकटपट्टी नाही. ते काम कसं दिसतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत? कोणी नक्कल केली म्हणावं तर "अल्बमवाले" हे नाव शिऱ्या सोडून कुणी घेत नव्हतं. सांगलीला गेल्यावर त्याच दुकानातनं तीच कॅसेट आणखी एक घेतली. त्यात दोन गाण्यांच्या मधे काही नाही, नुसती खरखर. तीन आठवड्यांनी काकीची कॅसेट परत ऐकली तर त्यातही काही नाही. काकीला मी घाबरत घाबरत विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तवा आलं तेवढंच." तिला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र आजही वाटतं. ती दुसरी कॅसेट माझ्याकडे आहे. अजून कधीतरी बी साईड लावतो आणि त्या पहिल्या गाण्यानंतर श्वास धरून बसतो... येत नाही. उत्तर माझ्याकडे काही नाही. असेल कुणाकडे तर सांगा, पण भ्रम होता म्हणू नका, दोघांना एकच भ्रम तीनदा होत नाही. आणि हो, बेस्ट ऑफविषयी शिऱ्याचं खरं होतं. मी हरलो. हे त्याला सांगायचं होतं.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण लिहायला जड जातं.

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मी टेप बंद केला आणि बोलून टाकलं. "काकी, ती कॅसेट हरवलेली नाही. मी पुसली. माझ्या हातानं. बोळे घालून."

काकी शेंगा सुपात गोळा करत होती. म्हणाली, "म्हाईत हाय."

"कसं?" मी विचारलं.

"दुखनं लागायच्या आदल्या दिशी तुज्या घरी आल्ता त्यो, तू कालेजात हुतास. कॅसेट लावून बगितली त्यानं. घरला येऊन मला सांगितलं, मन्यानं पुसली, पर त्याला काय म्हनू नगंस, त्यो लय मनाला लावून घेतोय. आपन परत भरू म्हनला."

म्हणजे दवाखान्यात ते तेरा दिवस... मी सांगू की नको करत त्याच्या उशाशी बसायचो, आणि त्याला माहीत होतं. माझ्याकडे बघून हसायचा.

"मग काकी," मी म्हणालो, "तुमाला ठावं हुतं, तर सहा वर्सं मला कशापायी विचारत हुता?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. पदरानं हात पुसले.

"न्हाई इचारलं तर तू कशाला आला असतास? घावली न्हाई ह्ये सांगाया तरी यायचास. तुजी सायकल दाराम्होरं लागली की मला वाटायचं, दोघंबी आलायसा."

मी परत खाली बसलो. त्या दिवशी माझी पाचची एसटी चुकली.