अस्वलासोबत नाश्ता परवडतो का?

आमच्या मोठेबाबांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. चारचौघांत जे काही ते पहिल्यांदा करताना दिसतात, ते त्यांनी आधी एकदा गुपचूप जाऊन करून बघितलेलं असतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सगळी नोकरी रायपूरला रेल्वेत, डबे दुरुस्त करण्याच्या शेडमध्ये गेली. दुरुस्त झालेला डबा आधी रिकामा पळवायचा, कुठे कुरकुरतो का ते ऐकायचं आणि मगच त्यात माणसं बसवायची, हा तिथला रिवाज. मोठेबाबांनी तो घरी आणला आणि घरातल्या प्रत्येकासाठी स्वतःच रिकामा डबा होऊन पुढे पळू लागले. मी शाळेत असताना माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं, तर आदल्या दिवशी हे समता कॉलनीतल्या त्या दवाखान्यात जाऊन माझ्यासाठी ठरलेल्या पलंगावर चक्क झोपून आले. नर्सने पेशंट समजून त्यांचं ब्लडप्रेशरसुद्धा घेतलं म्हणे. घरी येऊन माझ्या उशाशी बसले आणि म्हणाले, "पलंग कुरकुरत नाही. पंखा पायाकडं आहे, वारा बरोबर लागते. चहा थंडा देतेत, पण तुले कोन चहा देऊन राहिलं? चाल." आणि खरं सांगतो, स्ट्रेचरवरून आत जाताना मला त्या पंख्याचा फार आधार वाटला.

रायपूरबाहेरच्या उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये मला नोकरी लागली तेव्हाही आदल्या दिवशी मिलच्या बसमधून उरल्याला जाऊन आले ते मोठेबाबाच. धुळीने भुवया पांढऱ्या करून घेऊन परतले आणि "डाळ पातळ आहे, मानसं घट्ट आहेत," एवढा अहवाल दिला. लग्नाच्या वेळची गोष्ट तर आमच्या सासरी अजून सांगतात. तेलीबांध्याला मुलगी बघायला आम्ही सगळे नटूनथटून गेलो, तर माझे होणारे सासरे मोठेबाबांकडे टक लावून बघत म्हणाले, "तुम्ही परवा पत्ता विचारायला आला होतात ना?" आमच्या अंगाचं पाणी पाणी झालं. मोठेबाबा मात्र शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "हव. पानी मांगितलं तं तुमच्या पोरीनं चहा आनून देल्ला. पसंती तवाच झाली. आज फक्त पोट्ट्याले दाखवून राहिलो." मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, यावर दरवेळी पदर तोंडाला लावून हसते आणि म्हणते, "मले पाहालेबी दोनदा आलते हे. पहिल्या डावाले बांगड्या विकाले."

अशा माणसाकडे आमच्या मिनूचा प्रश्न जाणार हे ठरलेलंच होतं. मिनू म्हणजे माझी लेक, तेव्हा पहिलीत होती. नवा रायपूरच्या रस्त्याला एक मोठं पार्क उघडलं होतं. तिथे पाळणे, घसरगुंड्या वगैरे होतंच, पण खरा बोलबाला होता तो अस्वलासोबतच्या नाश्त्याचा. एका सजवलेल्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, आणि अस्वलाचा नि सशाचा पोशाख घातलेली माणसं टेबलाटेबलावर येऊन मुलांना मिठ्या मारणार, फोटो काढू देणार. मिनूच्या वर्गातली निम्मी मुलं जाऊन आली होती आणि हिलाही वाढदिवस तिथेच हवा होता. अडचण एकच होती. मिनू असल्या पोशाखातल्या माणसांना भयंकर घाबरायची. एकदा मॉलमध्ये एका सशाने मागून येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर ती किंचाळत माझ्या खांद्यापर्यंत चढली आणि दोन दिवस तापाने फणफणली. वर्गात हे कळलं आणि तिचं नाव डरपोक पडलं. ते नाव पुसायला तिला तिथे जायचं होतं, आणि तिथे जायच्या कल्पनेनेच तिचे ओठ थरथरत होते. "जाना है," ती म्हणायची, "लेकिन भालू को मत बुलाना."

अस्वलाशिवाय अस्वलासोबतचा नाश्ता कसा करायचा, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. बायको म्हणाली, तेवढ्या तिकिटांत घरी सगळ्या पाऱ्याला, अख्ख्या मोहल्ल्याला जेवू घालता येईल. मला पैशांपेक्षा दुसरीच धास्ती होती. पोरगी तिथे सगळ्यांदेखत रडली, तर ते नाव तिला जन्मभर चिकटायचं. मोठेबाबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाले, "काहून भांडून राहिले? मी पाहून येतो ना."

आणि खरोखरच गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, एकटे. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "अंकल, बच्चे कहाँ हैं?" तर म्हणाले, "आज बच्चा मैं ही हूँ." दुपारी परतले तेव्हा डोक्यावर कागदी मुकुट, हातात फुगा आणि चेहऱ्यावर रेल्वेच्या तपासणीहून आल्याचं गांभीर्य होतं. आम्ही सगळे भोवती जमलो. इडली गार. जिलेबी चांगली. ससा कामचुकार, फोटोपुरता येतो. मग ते थांबले आणि आम्हाला सोडून मिनूला म्हणाले, "बेटा, थे अस्वल अंगावर आलं ना, तं मलेबी भेव वाटलं."

मिनूचे डोळे एवढे मोठे झाले. "दादाजी, आपको भी?"

"हव. लय मोठं आहे थे. चमचा पडला माह्या हातातला."

"फिर?"

"मंग म्या त्याले म्हटलं, भैया, पहले बैठ जाओ. उभं होतं तवा अस्वल होतं. बसल्यावर पाव्हना झालं."

पुढची हकीकत अशी की, बसलेल्या अस्वलापुढे मोठेबाबांनी नाश्त्याची प्लेट ठेवली. सगळे खात असताना त्याने एकट्याने उपाशी फिरायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. मुलांसमोर मुंडकं काढायची मनाई असल्यामुळे अस्वलाला खाता येईना, तेव्हा ह्यांनी जिलेब्या कागदात बांधून त्याच्या पंजात दिल्या. मॅनेजर धावत आला, तर त्यालाही एक देऊ केली. शेवटी निकाल जाहीर झाला. "परवडते. पन अस्वल बसलं तं."

वाढदिवसाला आम्ही गेलो. मिनू माझ्या मांडीवर, तोंड माझ्या शर्टात खुपसलेलं. पलीकडच्या टेबलांवर वाढदिवसाला बोलावलेली तिच्या वर्गातली मुलं. अस्वल दारातून आत आलं, हॉलभर नजर फिरवली, त्याला मोठेबाबा दिसले, आणि ते भलंमोठं अस्वल कुणाच्याही जवळ न जाता खांबाशी जमिनीवर मांडी घालून बसलं. मुलं चकित झाली. मोठेबाबा आपली प्लेट घेऊन उठले आणि त्या वयात, त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी, त्याच्या शेजारी पंगतीला बसावं तसे बसले. मोठेबाबा गार इडली खात होते आणि अस्वल बघत होतं. मिनूने एक डोळा शर्टातून बाहेर काढला, मग दुसरा. आमचं खाणं आटोपलं तेव्हा मोठेबाबा उठू लागले, तर गुडघे उठू देईनात. त्यांनी एक हात वर केला, तो अस्वलाने धरला. दुसरा हात तसाच लोंबकळत राहिला. मी उठण्याआधी मिनू माझ्या मांडीवरून उतरून धावली होती. एका बाजूने अस्वल, एका बाजूने मिनू, मधे आमचे मोठेबाबा, आणि ती अस्वलावरच ओरडत होती, "अरे भालू, ज़ोर से खींचो ना!" ते उभे राहिल्यावरच तिच्या ध्यानात आलं, की आपण कुणाच्या शेजारी उभ्या आहोत. पण तोवर वर्गातली मुलं टाळ्या वाजवत होती. मोठेबाबांना तेव्हा खरंच उठता येत नव्हतं, की तेही त्यांनी आधी करून बघितलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता मात्र खरंच उठता येत नाही. मिनू उंच झाली आणि मोठेबाबा खुर्चीला खिळले. डॉक्टर म्हणतात, गुडघ्यांचं ऑपरेशन करा म्हणजे चालाल. मोठेबाबा म्हणतात, "पाहू." हे पाहू किती महिने चाललं. आम्हाला वाटायचं हट्ट आहे. एके दिवशी मोठीआई हळूच म्हणाली, "भेऊन राहिले ते. त्याइच्या पहिले कोन जाऊन येईन?" जन्मभर हा माणूस आमच्या पुढे पुढे पळाला, आणि त्याच्यापुढे पळायला कुणीच नव्हतं.

परवा मी दवाखान्यात खोली बघायला गेलो, तर मिनूही हट्टाने बरोबर आली. माझं बोलणं चालू असताना तिने चपला काढल्या, पलंगावर चढली आणि हात छातीवर ठेवून छताकडे बघत पडून राहिली. घरी आल्यावर ती सरळ मोठेबाबांच्या खुर्चीपाशी गेली.

"दादाजी, मैं सोके देखी. पलंग आवाज़ नहीं करता. पंखा पैर की तरफ है." मग जरा थांबून म्हणाली, "थोड़ा डर लगता है. फिर नहीं लगता."

मोठेबाबा खुर्चीत जरा पुढे सरकले.

"चहा कसा आहे तिथचा?"

"ठंडा."

"मंग परवडते," ते म्हणाले, आणि उठण्यासाठी त्यांनी तिच्यापुढे हात केला.