नको म्हणणाऱ्याच्या गळ्यात हार

आमच्या गावात डेअरीसमोर सिमेंटचा कट्टा आहे. सकाळी दूध घालून झालं की आम्ही म्हातारी माणसं किटल्या पायाशी ठेवून तिथं बसतो आणि देश चालवतो. दिल्लीत कोण बसावं, कोण उठावं, हे चहा येईपर्यंत ठरलेलं असतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही रडतखडत, म्हणून माझ्या मताला तिथं कुणी फारसं धरत नाही. मी ते मांडायचं सोडत नाही, हा भाग वेगळा.

त्या दिवशीचा विषय टीव्हीवरून निघाला. आदल्या संध्याकाळी एका पुढाऱ्याबद्दल चर्चा झाली होती. त्याला म्हणे देशाचं सगळ्यात मोठं पद नकोच आहे. तो आपला साधा, गप्प, एका बाजूला असतो आणि लोकच त्याच्या मागं लागलेत. टीव्हीवरची सगळी माणसं त्याचं कौतुक करत होती. कट्ट्यावर गुरुजींनी तेच पुढं चालवलं. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे रिटायर हेडमास्तर. मी त्यांना तुम्ही म्हणतो, ते मला तू म्हणतात. चौथीपर्यंत एका बाकावर होतो तेव्हा दोघंही एकमेकांना अरेतुरे करायचो, हे त्यांच्या ध्यानात नसावं. माझ्या आहे.

"ज्याला खुर्ची नको असते, त्यालाच ती द्यावी," गुरुजी म्हणाले. "ज्याला पायजे असते तो आधी तिला चिकटतो आणि मग देश खातो."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझं डोकं तिथंच सणकलं.

"गुरुजी, पोरीचं लगीन करताना नवरा कसा बघितलासा?" मी विचारलं. "लगीन नको म्हणणारा बघितलासा काय?"

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. "लगीन आणि देश एक न्हाय, आबा."

"न्हाय कसा? दोन्हीकडं संसारच करायचा असतोय."

"तू बोलायला लागलास की ऐकत न्हाईस. हे बघ, खुर्ची मागून घेतलेला माणूस उठता उठत न्हाय. नको म्हणणारा, न्हाय पटलं तर निदान चप्पल घालून निघून तरी जाईल."

मुद्दा चांगला होता. त्यामुळं मी जास्तच चिडलो. "नको नको करत बसलेला आणि मग उठून गेलेला एकबी माणूस मी बघितला न्हाय," म्हणालो. "तुमी बघितला असला तर दावा."

गुरुजींनी इतिहासातली दोन नावं सांगितली. मी म्हणालो, मेलेली सांगू नका, आपल्या गावातलं सांगा.

मी गावातल्या कुणाबद्दल विचारतोय ते सगळ्यांना कळलं होतं.

आमच्या दूध संस्थेचा तेव्हाचा चेअरमन असाच नको म्हणून बसलेला होता. मोठ्या घरातला, बोलायला मऊ. गावबैठकीत त्याचं नाव निघालं तेव्हा त्यानं कानाला हात लावले. मला वेळ न्हाय, माझी पात्रता न्हाय, दुसऱ्या कुणाला तरी बघा. जितका तो नको म्हणाला तितका गाव त्याच्यावर खूश झाला. बघा काय माणूस आहे, एवढं देतोय तरी घेत नाही. शेवटी बळंच बसवला, बिनविरोध. हार आणला तेव्हा मान मात्र त्यानंच पुढं केली. मी जवळच होतो, बघितलं.

मला हे लगेच ओळखू आलं, कारण गावात लग्न असो, बारसं असो, पंगतीला वाढायला मी जन्मभर उभा राहिलोय. रश्श्याची बादली घेऊन गेलं की बहुतेक सगळे नको म्हणतात. ज्याला खरंच नको असतं तो ताटावर आडवा हात घट्ट धरतो, आणि तरी वाढायला गेलं तर चिडतो. बाकीचे हात धरतात, पण बोटं फाकवून. मधून रस्सा जाईल एवढी जागा ठेवलेली असते. वर म्हणतात, बास बास, किती वाढतासा. त्यांना आग्रह पाहिजे असतो. पंगतीत त्याचं काही वाटत नाही, गंमतच असते. पण पोट भरल्यावर असा माणूस वाढणाऱ्यालाच बोलतो, तुमीच लई वाढलं म्हणून. राग येतो तो त्याचा.

त्या चेअरमनच्या कारकिर्दीत माझी म्हैस अडली. दुपारची वेळ. रेडकू पोटात आडवं आलं होतं. आमच्या संस्थेनं जनावरांचा डॉक्टर ठरवलेला असतो, पण त्याला बोलवायचं तर चेअरमनचा फोन जावा लागतो. मी फोन लावला, त्यानं उचलला नाही. जवळच्या मुरगूड गावातल्या खाजगी डॉक्टरला लावला, तो लांब दुसऱ्या गावात अडकलेला. मग बायकोला म्हशीजवळ बसवून मी चेअरमनच्या घरी पळत गेलो. या वयात जेवढं पळता येतं तेवढं. चेअरमन जेवून पलंगावर पडला होता. डोक्यावर पंखा, शेजारी मोबाईल.

"आबा," तो पडल्या पडल्या म्हणाला, "ही चेअरमनकी मागाय मी आलतो काय तुमच्या दारात? तुमीच गळ्यात घातलीसा न्हवं? आता जरा दम काढा की. करतो फोन."

आणि कुशीवर वळला.

डॉक्टर आला तेव्हा दिवस मावळत होता. रेडकू पोटातच गेलं आणि त्याच्या मागं म्हैसही गेली. माझ्याच गोठ्यात जन्मलेली, माझ्याच हातनं वाढलेली. बायको गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली ती उठेना. मी परत चेअरमनच्या दारात गेलो, भांडायलाच गेलो होतो, पण भांडण कुठून धरावं तेच कळेना. तो मागायला आला असता तर मी गचांडी धरून विचारलं असतं, तेव्हा हात जोडलास, आता कुशीवर का वळतोस? पण त्यानं काही मागितलंच नव्हतं. आम्हीच हार घेऊन गेलो होतो. मी दारात तसाच उभा राहिलो आणि माघारी आलो. त्या माघारी येण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कट्ट्यावर मी हे सगळं बोललो. आवाज वाढलाच. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका माणसावरनं तू देशाचं ठरवतोयस."

"मग कशावरनं ठरवू? टीव्हीवरच्या माणसाला मी भेटलोय व्हय? मला एवढाच देश दिसतोय, डेअरीपास्नं गोठ्यापतूर. त्यात ज्यानं नको म्हटलं त्यानं माझी म्हैस मारली. दिल्लीतला नको म्हणणारा काय वेगळं करणार हाय? उद्या काय बिघडलं की म्हणणार, मी कुठं मागितलं हुतं."

"आणि मागणाऱ्यांनी काय कमी वाटोळं केलंय?"

"केलंय की. पण त्येनला शिव्या तरी घालता येत्यात."

कुणीतरी विषय बदलायला म्हणालं की आपल्या चेअरमनचीच मुदत संपत आलीय, आता नवीन बघायला लागणार. आणि माझ्या तोंडून निघून गेलं ते गेलं. "मला व्हायचंय चेअरमन," मी म्हणालो. "मला ती खुर्ची पायजे."

सगळे हसायला लागले. एकजण म्हणाला, "आबास्नी घरात कोण विचारंना, म्हणून चेअरमन व्हायचं असंल." त्यावर तर किटल्या हलायला लागल्या.

गुरुजी या वेळीही हसले नाहीत. ते म्हणाले, "खरं सांग, तुला संस्थेसाठी पायजे का त्या मेलेल्या म्हशीसाठी?"

हे लागलं. पण खोटं बोलायची गरज वाटली नाही. "दोन्हीसाठी," म्हणालो. "त्यात लाज कसली?"

मग मी घरोघर गेलो. प्रत्येक दारात एकच बोलायचो. मला चेअरमन व्हायचंय, फोन आला तर उचलीन, न्हाय उचलला तर माझ्या घरी येऊन मला उठवा. लोक चहा द्यायचे आणि नजर चुकवायचे. एक शहाणा मला समजावायला लागला, "आबा, असं आपल्या तोंडानं मागत्यात व्हय? चारचौघांनी म्हणाय पायजे, आपण नको म्हणायचं, मग घ्यायचं. रीत हाय ती." त्याच्या घरचा चहा मी अर्धा टाकून उठलो.

बायको म्हणाली, "अवो, लोक हसाय लागल्यात तुमास्नी."

"हसू देत. चोरी केल्या काय मी?"

"चोरी केली असती तर येवढं हसलं नसतं कोण."

मला अडवायला गावानं माणूस शोधला आणि तो सापडला गुरुजींमध्ये. चार मानकरी त्यांच्या घरी गेले. गुरुजी नको म्हणाले. परत गेले, परत नको. मग एक दिवस गुरुजी म्हणाले, बघू, आणि गावात बातमी पसरली की गुरुजी तयार नाहीत, म्हणजे तेच होणार. माझ्याबद्दल बोलायचे, खुर्चीला हपापलेलं म्हातारं. त्यांच्याबद्दल बोलायचे, देवमाणूस, काही नको त्याला. आम्ही दोघं एकाच कट्ट्यावर रोज बसत होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो.

रविवारी सकाळी डेअरीच्या वरच्या हॉलमध्ये बैठक बसली. आमच्याकडं चेअरमन अशा बैठकीतच ठरतो, पुढचं सगळं नावाला असतं. त्या मानकऱ्यांच्या म्होरक्यानं उठून सांगितलं, गावात फूट नको, बिनविरोध करूया, आबांनी मोठ्या मनानं माघार घ्यावी. सगळे माझ्याकडं बघायला लागले. गुरुजी पहिल्या ओळीत खाली मान घालून बसले होते. म्होरक्यानं त्यांना विचारलं, तेव्हा ते उठले आणि हात जोडून म्हणाले, "माझी खरंच इच्छा न्हाय. पण तुमचा आग्रहच असंल तर—"

मी उठलो. मला थांबताच आलं नाही.

"मी माघार घेतो," म्हणालो. "एका अटीवर. गुरुजींनी सगळ्यांसमोर म्हणायचं, मला चेअरमन व्हायचंय. एवढंच. आग्रह-बिग्रह काय न्हाय."

गलका झाला. आबा, बसा खाली. आबा, काय चाललंय. एकजण माझा सदरा ओढायला लागला, मी त्याचा हात झटकला.

गुरुजी म्हणाले, "मला असं बोलायची सवय न्हाय."

"मग शिका की. जन्मभर पोरांस्नी पाठ करायला लावलंसा. एक वाक्य हाय."

मागं कुणीतरी हसलं. गुरुजींचा चेहरा लाल झाला. ते कधी चिडत नाहीत, शाळेतही छडी हातात नुसती धरायचे. ते काहीतरी पुटपुटले.

"ऐकू न्हाय आलं," मी म्हणालो.

"व्हय," ते एकदम ओरडले. "पायजे मला. मला चेअरमन व्हायचंय. रिटायर झाल्यापास्नं मला कोण काय विचारत न्हाय, घरात बसून कंटाळा आलाय, आणि मी हे काम तुझ्यापेक्षा चांगलं करीन. झालं तुझं समाधान?"

मला वाटलं होतं की त्यांच्या तोंडून हे निघाल्यावर मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. माझ्या तोंडची खुर्ची मी माझ्याच अटीनं घालवली होती, आणि शब्द फिरवणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, "झालं. घेतली माघार," आणि जिना उतरून घरी आलो. हार घालतानाच्या टाळ्या मागून ऐकू येत होत्या.

घरी आल्यावर मी तांब्या आपटला, बैलाच्या दाव्यावर चिडलो, जेवलो नाही. बायको म्हणाली, "तुमीच दिलीसा की त्येंना. आता कुणावर चिडलाय?" मला सांगता आलं नाही. आजही नीट सांगता येत नाही. मला ती खुर्ची पाहिजे होती, खरोखर पाहिजे होती, आणि मी ती चांगली सांभाळली असती. गुरुजींचंही तेच असेल. पण ते त्यांच्याकडून म्हणवून घ्यायला मला भर बैठकीत एवढं भांडावं लागलं, आणि गावाला आजही वाटतं की मी एका भल्या माणसाचा अपमान केला.

थोड्या दिवसांनी शेजाऱ्याची गाय आजारी पडली. गुरुजींचा फोन लागेना म्हणून तो माझ्याकडं आला, आणि मी त्याला घेऊन सरळ गुरुजींच्या घरी गेलो. ते जेवायला बसले होते. मी दारातूनच म्हणालो, "गुरुजी, डॉक्टर पायजे."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की वाटलं ताट भिरकावतील. पण उठले. उष्ट्या हातानंच मोबाईल घेतला, डॉक्टरला लावला, तो काहीतरी सबब सांगत असावा, कारण गुरुजी त्याच्यावर शाळेतल्या आवाजात बोलले. फोन ठेवून मला म्हणाले, "येतोय. आता जा, मला जेवू दे."

डॉक्टर आला. गाय वाचली. तरी तो यायला पाहिजे होता त्यापेक्षा उशिराच आला, आणि हे मी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गुरुजींना सगळ्यांसमोर सांगितलं. ते म्हणाले, "तू असतास तर काय विमानानं आणला असतास?" मी म्हणालो, "व्हय."

टीव्हीवर त्या पुढाऱ्याचं अजून चाललेलं असतं, त्याला नको आणि लोकांना पाहिजे. मी बायकोला म्हणतो, बंद कर ते. आधी त्याला सरळ बघून म्हणू दे, मला पायजे, आणि चुकलो तर मला धरा. मग मी बघतो मत कुणाला द्यायचं ते. आणि संस्थेची पुढची निवड येईल तेव्हा मी जगलो वाचलो असलो तर परत घरोघर जाणार आहे. मला ती खुर्ची अजून पाहिजे.