लोखंडच जड

गल्लीत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणायचे किलोभरकाका, आणि शेजारचा शिंपी चिडला की नुसतंच, 'ए किलोभर!' गाद्या-उशा भरून द्यायचं दुकान. पुढे टीचभर जागा, मागे कापूस पिंजायच्या यंत्राची खोली, वर राहायचं घर. गिऱ्हाईक पायरी चढलं की 'बसा' म्हणायच्या आधी काका विचारणार, "किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड?"

आता हे कोडं कुणाला माहीत नाही? शाळेत शेजारी बसणाऱ्याला प्रत्येकाने ते एकदा तरी घातलेलं असतं. पण काकांना ते वडिलांकडून मिळालं होतं, वडिलांना आजोबांकडून, त्यामुळे ही घराण्याची मिळकत आहे असंच काकांना वाटायचं. आजोबा मणाने विचारायचे, वडील शेराने, काका किलोने. मापं बदलली, कोडं जिथल्या तिथे. उत्तरं मात्र तऱ्हेतऱ्हेची आली. लोहार म्हणाला, दोन्ही पायावर पाडून बघा म्हणजे कळेल. हमाल म्हणाला, कापूसच जड, मेला खांद्यावर मावत नाही. एका मास्तरांनी हवेचं काहीतरी समजावायला घेतलं, ते गादी शिवून झाली तरी संपेना. काकांचं म्हणणं असं, की कोडं कधी जुनं होत नाही, ऐकणारा तेवढा नवा लागतो. कापूस म्हटलं की मन लगेच हलकं होतं, आणि तोंडासमोरच्या 'किलोभर'कडे कुणाचं लक्षच जात नाही.

पण नवे ऐकणारे हळूहळू संपले. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा 'सारखंच!' म्हणून पळू लागलं. हमखास फसणारं माणूस एकच उरलं, ते म्हणजे काकू.

काकू पहिल्यांदा या दुकानात आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून, आईबरोबर, जुनी गादी पिंजून घ्यायला. काका तेव्हा ऐन पंचविशीतले, तराजूपाशी उभे. त्यांनी रीतसर कोडं घातलं. मुलीने जरा विचार केला आणि म्हणाली, "लोखंडच जड, त्यात काय विचारायचं?" काका एवढे हसले की कापूस नाकात गेला आणि शिंकांवर शिंका सुरू झाल्या. आई वैतागली. मुलगी तोंडावर हात धरून हसत राहिली. गादी घरी गेली, आणि पुढच्या वर्षी ती मुलगी या घरी आली.

नवल पुढेच आहे. लग्नानंतरही काका तेच विचारायचे आणि काकू दाभणात दोरा ओवता ओवता, मान वर न करता, तेच सांगायच्या, "लोखंड." मग काका गिऱ्हाइकाकडे वळून म्हणायचे, "बघा, इतकी वर्षं संसार केला, हिच्या डोक्यात अजून उजेड नाही!" गिऱ्हाईक हसायचं, काकू टाका घालायच्या. मुलगी मोठी झाल्यावर एकदा चांगलीच तापली होती. चारचौघांत आईला हसता, हे बरं दिसतं का बाबा, असं तिने सुनावलं. काका म्हणाले, हसतो कुठे, कौतुक करतो. आणि खोटं नव्हतं ते. फक्त कौतुक करायची ही तऱ्हा जगावेगळी होती. जित्याची खोड, दुसरं काय.

मग काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी एका गिऱ्हाइकाच्या गादीत दाभण राहून गेला. मग गॅस चालू राहिला. मग जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहून त्या विचारू लागल्या, मी वर चालले होते की खाली? डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही, हे वाढतच जाणार म्हणून सांगितलं. मुलगी आपला संसार सांभाळून दुपारची येऊन बसू लागली, तर काकू तिलाच विचारायच्या, तुमचं माहेर कुठलं?

काकांनी मात्र आपलं एक औषध शोधून काढलं. सकाळी काकूंचे केस विंचरून झाले की ते विचारायचे, "किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड?" काकू म्हणायच्या, "लोखंड." की हे निर्धास्त मनाने दुकान उघडायला खाली. शिंप्याला ते म्हणाले, "बाकी सगळं विसरू दे तिला. लोखंड म्हणतेय तोवर ती माझी आहे." एरवी शिंप्याने अशा वाक्याची टर उडवली असती. त्या दिवशी त्याने काकांसाठी चहा मागवला.

एके दिवशी दुपारी मुलीने आईला खाली आणून स्टुलावर बसवलं आणि ती मागे उशांच्या खोळी उलटवायला गेली. काका तराजूत कापूस तोलत होते. सकाळी काकू झोपल्या होत्या, त्यामुळे विचारायचं राहिलं होतं. त्यांनी आता विचारलं.

काकूंनी तराजूकडे पाहिलं. एका पारड्यात लोखंडी वजन, दुसऱ्यात कापसाचा ढीग, काटा अगदी मधोमध.

"सारखंच की," त्या म्हणाल्या. "किलो म्हणजे किलो. आमची गादी कधी मिळेल हो? आई वाट बघतेय."

इतकी वर्षं काका या उत्तराची थट्टेने वाट बघत होते, आणि ते आलं तेव्हा नको झालं. गेली ही, असंच त्यांना वाटलं. मग त्यांची नजर पुन्हा तराजूवर गेली आणि वेगळंच काही उमगलं. याच तराजूसमोर काकूंचा जन्म गेला होता. रोज त्यांनी स्वतःच्या हाताने इकडे लोखंड ठेवलं होतं, तिकडे कापूस, आणि काटा मध्ये यायची वाट पाहिली होती. त्यांना ठाऊक नसेल कसं? काखेत कळसा आणि गावाला वळसा! नवऱ्याला हसायला मिळावं म्हणून ही बाई जन्मभर येत असलेलं उत्तर गिळत आली, आणि तो शहाणा गिऱ्हाइकांना बोलावून तिचं अडाणीपण दाखवत बसला. काकांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त माया दाटून आली. मुठीत उरलेला कापूस खाली ठेवायचंही त्यांना सुचेना.

काकू त्यांच्याकडे निरखून बघत होत्या. हा माणूस कोण ते त्यांना आठवत नव्हतं, पण त्याचा चेहरा उतरलाय एवढं बरोबर दिसत होतं.

"अहो गादीवाले," त्या म्हणाल्या, "असं तोंड पाडून बसू नका. एक कोडं घालू का तुम्हाला?"

काकांनी मान हलवली.

"किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड?"

गंमत बघा, साऱ्या जगाला हे कोडं घालणाऱ्या या माणसाला ते आजवर कुणी घातलंच नव्हतं. काकांनी डोळे पुसले, डोकं खाजवलं, वर आढ्याकडे पाहिलं, विचार करतोय असं दाखवलं.

"लोखंडच जड," ते म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

काकूंनी तोंडावर हात धरला आणि त्या हसल्या, खांदे हलेपर्यंत. आवाज ऐकून मुलगी मागच्या दारात येऊन उभी राहिली. हसू आवरल्यावर काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, गिऱ्हाईक नाही अशी खात्री करून घेतली, आणि पुढे वाकून काकांच्या हातावर हात ठेवला.

"सारखंच असतं हो," त्या हळूच म्हणाल्या. "पण राहू द्या. मी कुणाला सांगणार नाही."