शेप्याची सात रोपं

कँटीनच्या अक्का कुणालाही आंब्याची कोय कचऱ्यात टाकू देत नसत. उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत त्या खरकट्या ताटांपाशी परात घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "कोय हिकडं." लातूरकडचा, चिपळूणकडचा, खेडचा, ज्याच्या त्याच्या डब्यातला आंबा त्या परातीत एकत्र यायचा. पोरं चिडवायची, "अक्का, पार चोखलीय, तुमच्यासाठी काही उरलं नाही!" अक्का शांतपणे म्हणायच्या, "माझ्यासाठी जे हाय ते तुझ्या दाताला लागायचं न्हाई, भावा."

मी तेव्हा सकाळी कॉलेज करून चाकणजवळच्या त्या कंपनीत सेकंड शिफ्टला पॅकिंग करायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वनस्पतिशास्त्र घेतलंय असं कळल्यावर अक्कांनी मला कँटीनमागं नेलं. तिथं तेलाच्या रिकाम्या डब्यांत तांबूस पानांची रोपं ओळीनं उभी होती.

"कोयीचं झाड आईसारखंच निघंल असं न्हाई," त्या म्हणाल्या.

"आणि बाप कोण ते कसं कळतं?"

"ते माशीला ठाऊक," म्हणून त्या तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसल्या.

कंपनी उभी आहे तिथं पूर्वी अक्कांच्या सासरचं शेत होतं. बांधावर सात आंबे होते. साखऱ्या, गोटी, शेंदऱ्या अशी त्यांची नावं त्या घरातल्या माणसांसारखी घ्यायच्या. त्यांतला एकच उरला होता, शेप्या. त्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास, त्यामुळे तो घरातही कुणाचा लाडका नव्हता. आता तो गाड्या लावायच्या जागेवर सावली धरून होता. मोहोर आला की शिफ्ट सुटताना गाडीवर ठेवलेल्या हेल्मेटमध्ये बारीक फुलं सांडलेली असायची. ती झटकायला हात उचलत नसे. मशीनची घरघर दूर कुठंतरी निघून गेल्यासारखी वाटायची.

"सातही कधी एका वक्ताला मोहरले न्हाईत," अक्का सांगायच्या. "धुईनं एकाचा मोहोर जाळला तर दुसऱ्याचा मागनं यायचा. कुणी ना कुणी द्यायचाच." वर्गात नुकतीच जनुकीय विविधता शिकवली होती. मी चाचरत म्हणाले, "अक्का, ह्याला पुस्तकात नाव आहे." नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. मग मी हेही सांगितलं, की ऊन-पावसाचे फेरे पूर्वीपासून होतेच, पण आता माणसामुळे ते बिघडत चाललेत. त्या म्हणाल्या, "वल्या-कोरड्या सालांची पाळी मी बघितलीय, पोरी. हे तसलं दिसत न्हाई."

त्याच वर्षी पार्किंगची शेड वाढवायचं ठरलं. शेप्या पावसाळ्याआधी जाणार होता. आणि नेमका फेब्रुवारीतल्या धुक्यानं त्याचा सगळा मोहोर करपला होता. मी म्हटलं, "कलम बांधू, अक्का. अगदी हेच झाड परत मिळेल." त्या म्हणाल्या, "बांध की. पर त्याचं जगून झालंय. मला त्याची पोरं पायजेत." कलमं बांधली, पण माझा हात नवा होता, एकही जगलं नाही. मग थोड्याच दिवसांत भिंतीकडच्या एकाच फांदीला उशिरानं मोहोर आला आणि अकरा कैऱ्या धरल्या.

त्या पिकायच्या आत झाड तोडणारा माणूस करवतीचं मशीन घेऊन आला. सुपरवायझर म्हणाले, "अक्का, शेपूच्या आंब्यासाठी काम थांबवू का मी?" अक्का तोडणाऱ्याकडं बघून म्हणाल्या, "फळ धरलेल्या झाडाला हात लावतोस व्हय रं, दादा?" त्यानं वर पाहिलं. फांदी पाहिली. मशीन खाली ठेवलं. "पाड लागला की येतो, साहेब," म्हणाला आणि निघून गेला.

दोन आठवड्यांनी तो आला. दोन आंबे पोपटांनी नेले होते, नऊ आम्ही उतरवले. सगळ्या शिफ्टनं एकेक फोड खाल्ली आणि सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. तोडणाऱ्यानंही खाल्ली. मग मशीन सुरू झालं. अक्का कोया धूत बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

नऊपैकी सात उगवल्या. सातवं रोप वाकडं होतं, पानं फिकट. डबे कमी होते, म्हणून मी ते उपटायला हात घातला. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"ह्याला काय येणार हाय, ठाऊक हाय तुला?"

"नाही."

"मग?"

दसऱ्याला गुडघ्यांमुळे त्यांनी काम सोडलं. सहा रोपं गावी जाणाऱ्यांना दिली. "एका जाग्याला लावू नगा," एवढंच सांगितलं. सातवं माझ्या हातात ठेवलं. पुढच्या पौषात त्या गेल्याचं कळलं.

ते रोप काळेवाडीत आमच्या दारात, रंगाच्या डब्यात आहे. अजून वाकडंच आहे. शेजारचे काका विचारतात, कुठला आंबा? वर्गात "माहीत नाही" म्हणताना माझा चेहरा लाल व्हायचा. काकांना मात्र मी सावकाश सांगते, "माहीत नाही. फळ यायला सात-आठ वर्षं लागतील."

"एवढी वर्षं!" काका म्हणतात, आणि कामावरून आणलेल्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच्या मुळाशी ओततात.